राहीबाईनं परग्रहावर बांधलेला आडोसा

तासगावात राहीबाईला ओळखत नाही असा बेदाण्याचा शेडवाला सापडणार नाही, आणि तिचं नाव काढल्यावर ज्याचा हात आपोआप कपाळाकडे जात नाही असाही सापडणार नाही. बाई अंगानं एवढीशी, काटकुळी. पण आवाज असा की शेडच्या ह्या टोकाला तिनं नुसतं "अगं ए" म्हटलं तरी त्या टोकाचा मुकादम विडी विझवायचा. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण मोर्चात, तहसील कचेरीच्या पायरीवर आणि मालकांच्या तोंडाला तोंड देण्यात झालेलं. नवरा अर्जुना विट्याकडच्या बाकीच्या गड्यांसारखा गलाईच्या धंद्यात, तिकडे लांब मदुराईला. वर्षाकाठी जत्रेला येणार, मटण खाणार, पोरांच्या पाठीवरून हात फिरवणार आणि परत जाणार. कुणी खोचकपणे विचारलंच, "काय राहीबाई, मालक काय करत्यात तिकडं?" तर ही पदर खोचून सांगायची, "त्यो तिकडं सोनं इतळवतोय. मी हितं शेडवालं इतळवते."

ही नुसती फुशारकी नव्हती. बायकांना दुपारचा चहा तिनं मिळवून दिला होता. गंधकाच्या धुरीच्या खोलीतून बाहेर आल्यावर डोळे धुवायला वेळ मिळावा म्हणून तिनं एकदा भरलेला क्रेट मालकाच्या पायाशी उलटा केला होता. बेदाणा मातीत, मालक लाल, आणि दुसऱ्या दिवसापासून डोळे धुवायला वेळ. राग तिच्या नाकावर बसलेलाच असायचा. पण तो कधी उठवायचा आणि कधी बसू द्यायचा हे तिला बरोबर कळायचं. आयुष्यात एकदाच तो चुकीच्या वेळी उठला, आणि त्यापायी तिला पृथ्वी सोडून दुसऱ्या ग्रहावर जावं लागलं. त्याचीच ही गोष्ट.

अठ्ठ्याण्णव साल. त्या हंगामात राहीबाई आप्पासोंच्या शेडवर होती. आप्पासो माणूस काही फार वाईट नव्हता. मालक म्हणून जेवढं वाईट असावं लागतं तेवढाच होता. त्याच्या शेडवर जाळीखाली, तारांच्या माळ्यांवर द्राक्षं वाळायची, आणि बेदाणा झाला की बायका खाली मांडी घालून निवडायला बसायच्या. काडी वेगळी, काळा मणी वेगळा, पिवळा वेगळा. सकाळी बसलेली बाई संध्याकाळीच उठायची. आणि मधे उठायचं म्हटलं तर जायला जागा नव्हती.

ह्या विषयावर गडीमाणसं हसतात. ज्याला हसू येतं त्यानं एक दिवस नऊवारी नेसून शेडवर बसून दाखवावं. पुरुषाला सगळा मुलूख मोकळा. बाईला भिंत लागते, नाहीतर निदान झुडूप. आप्पासोंच्या शेडवरच्या बायकांना शेजारची द्राक्षबाग होती. पानं दाट होती तोवर एकीनं आत जायचं, दुसरीनं बांधावर उभं राहून खोकायचं, असं चाललं होतं. पण पाडवा झाला की बागेची खरड छाटणी होणार. मग पानं जाऊन नुसते खुंट उरणार, आणि हायवेवरून जाणाऱ्या एसटीतल्या माणसाला शेडच्या मागचं पार डोंगरापर्यंत दिसणार. म्हणून राहीबाईनं मागणी धरली होती ती एकच. पाडव्याच्या आत शेडमागं चार भिंती, एक पत्रा आणि एक दार. संडास म्हणा, मोरी म्हणा, ती आपली 'आडोसा' म्हणायची.

मागणी ऐकायला मालक शुद्धीवर पाहिजे. आणि आप्पासो त्या दिवसांत शुद्धीवर नव्हता.

झालं होतं असं, की पुण्याच्या मेव्हण्यानं हिशेबासाठी त्याला कॉम्प्युटर घ्यायला लावला होता. शेडच्या तोंडाशी त्यासाठी काचेची खोली बांधली. आत गार हवेचं मशीन, खाली जाजम, दाराशी 'चपला बाहेर काढा' अशी पाटी, आणि पडद्यावर घालायला आप्पासोंच्या बायकोनं विणलेलं मोराचं झाकण. ते चालवायला सांगलीहून रोज एसटीनं येणारा मुकुल नावाचा कारकून ठेवला; तिशीचा, चष्म्याचा, अदबीनं बोलणारा. मुकुल हिशेब करायचा सकाळी. उरलेला दिवस मालक स्वतः बसायचा. कारण त्या मेव्हण्यानं जाताना दोन फ्लॉप्यांतून एक गेम घालून दिला होता.

गेम इंग्रजी होता. एक पांढऱ्या कपड्यातला माणूस यानात बसून कुठल्यातरी लाल ग्रहावर उतरतो. तिथं चिटपाखरू नाही. हवा नाही, पाणी नाही, रात्री मरणाची थंडी. त्यानं दगड फोडायचे, बर्फ खणायचं, खोली उभी करायची आणि जगायचं. बस्स. आप्पासोंचा माणूस काही जगत नव्हता. सकाळी मरायचा, दुपारी मरायचा. बेदाण्याचा भाव विचारायला आलेल्या व्यापाऱ्याला "थांब रं, हा मरायलाय" असं उत्तर मिळायचं.

राहीबाई पहिल्यांदा गेली तेव्हा तिला तेच उत्तर मिळालं. दुसऱ्यांदा गेली तेव्हा नुसता हात मिळाला, 'नंतर' असा. तिसऱ्यांदा ती चपलांसकट आत शिरली. त्या वेळी खोलीत शेजारच्या शेडचा मालक हंबीरराव चहा पीत बसला होता. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला, मिशीला पीळ, आणि आप्पासोंचा भाव पाडायला सदा टपलेला.

"मालक, पाडवा आला. आडोशाचं काय?"

"अगं बाई, चपला!"

"चपलेचं र्‍हाऊ द्या. आडोशाचं बोला."

आप्पासोंचे डोळे पडद्यावर. "दोन मिनटं. थंडी वाजायलीय ह्याला."

आणि इथं राग चुकीच्या वेळी उठला. राहीबाई पडद्यापुढं जाऊन उभी राहिली. "ह्या कापडी बाव्हल्याला थंडी वाजती ती दिसती, आन् बाहीर बसल्यात त्या बायका दिसत न्हाईत व्हय? काय कठीण हाय त्यात एवढं? मी एका दिसात जगवून दाखवते ह्याला!"

पडद्यावरचा माणूस तिच्या पाठीमागं मेला. पीं ऽ ऽ असा आवाज झाला. आप्पासो उभा राहिला. सकाळपासूनची मेहनत गेली होती.

"जगवून दाखवतीस? दाखव! पहिली रात काढून दाखव ह्याची. सूर्य उगवला की दुसऱ्या दिवशी गवंडी लावतो. न्हाई जमलं तर ह्या हंगामात आडोशाचं नाव काढायचं न्हाई. हंबीरराव, तू साक्षीला."

"हाय की," हंबीरराव मिशीतून म्हणाला. त्याला फुकट तमाशा मिळाला होता. "पाडव्यापतूर मुदत दे. बाईमाणूस हाय."

"बाईमाणूस हाय म्हणून मुदत नको," राहीबाई म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "पर पाडव्यापतूर र्‍हाऊ द्या."

बाहेर आल्यावर बायकांनी तिला घेरलं. बयाबाई म्हणून सगळ्यांत म्हातारी, सगळ्यांत बुटकी आणि जिभेनं सगळ्यांत लांब अशी एक होती. ती म्हणाली, "राहे, मागायला गेलीस आडोसा आन् घिऊन आलीस ग्रह?"

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत राहीबाई त्या खुर्चीवर बसली. पाय जमिनीला टेकेनात. मुकुलनं समजावलं, "मावशी, ह्या बाणांनी तो चालतो. ह्या लांब बटणानं दगड फोडतो. फोडलं की लोखंड जमतं. लोखंड जमलं की काय बांधायचं ते इथं निवडायचं."

"बास. कळलं."

ती कामाला पटाईत होतीच. बघता बघता तिनं दगड फोडून लोखंडाचा ढीग लावला. आप्पासोसुद्धा पुढं सरकला. मग तिनं त्या माणसाला यानापासून लांब चालवत नेलं, एका टेकाडाच्या पाठीमागं, आणि तिथं सगळ्या लोखंडाच्या चार भिंती उभ्या केल्या. बिन हवेच्या, बिन उबेच्या. एक दार तेवढं ठेवलं.

"हे काय बांधलंस?" आप्पासोंनी विचारलं.

"आडोसा."

"अगं, पैल्यांदा हवेचं मशीन!"

"मालक, हा सकाळधरनं रानात राबतोय. मला सांगा, हा जातो कुटं?"

मुकुलनं चष्मा काढून पुसला. एवढे दिवस तो माणूस त्या ग्रहावर जगत-मरत होता, पण हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता. तेवढ्यात हवा संपली आणि तो परग्रहावरचा पाव्हणा आपल्या नव्या कोऱ्या आडोशाच्या दारात आडवा झाला. मग आप्पासो जो हसला तो टेबलावर डोकं ठेवून हसला. त्यानं फोन उचलून हंबीररावाला सांगितलं, हंबीररावानं पानपट्टीवर सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या तासगावात झालं की आप्पासोंच्या शेडवरच्या बाईनं मंगळावर संडास बांधला. दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरनं तिला विचारलं, "कुठलं देऊ? मंगळ का?"

राहीबाईनं त्याला काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही. पण त्या रात्री तिनं एक गोष्ट मनाशी मान्य केली. प्रश्न बरोबर होता, पण प्रश्न विचारून पाव्हणा जगला नाही. मोर्चात नुसती घोषणा देऊन चालत नाही, आधी कायदा वाचावा लागतो. तसं ह्या ग्रहाचाही काही कायदा असणार. आणि तो ज्याला येतो त्याच्याकडूनच काढून घ्यावा लागणार.

दुसऱ्या दिवशी तिनं चपला बाहेर काढल्या. एवढ्यानंच आप्पासो सावध व्हायला पाहिजे होता.

"मालक, शिकवा की मला. का तुमालाबी येत न्हाई?"

कुठल्याही पुरुषाला हा प्रश्न विचारून बघा. आप्पासो खुर्ची ओढून बसला. त्याच्या घरात त्याचं कुणी ऐकत नव्हतं, बाजारात कुणी मानत नव्हतं. इथं एक विद्यार्थिनी आयती चालून आली होती, तीही राहीबाईसारखी. त्याचा आवाजच बदलला.

"हे बघ. नियम पहिला. यानाच्या भायेर पडायच्या आधी पाठीवरची हवेची टाकी भरायची. विसरायचं न्हाई. नियम दुसरा. टाकी निम्मी झाली की माघारी फिरायचं. किती का चांगला दगड दिसंना."

"का? निम्मी र्‍हाती की अजून."

"परत कोण यील मग? जायला निम्मी, यायला निम्मी."

"हां." राहीबाईनं मान डोलावली. "बाजाराला जाताना येष्टीचं परतीचं पैसं कनवटीला बांधायचं."

"तेच की! नियम तिसरा. दिवसा लोखंड आन् बर्फ. बर्फ वितळवला की पाणी. सूर्य कलायच्या आत खोली, खोलीत हवेचं मशीन आन् उबेचं मशीन. एकातबी चूक झाली की खेळ खलास."

अडचण एकच होती, की बटणांवरची अक्षरं इंग्रजी. त्यावर तोड बयाबाईनं काढली. तिनं बाजारातून टिकल्यांचं पाकीट आणलं. हवेच्या बटणाला निळी टिकली, पाण्याच्या बटणाला हिरवी, उबेच्याला लाल, बांधायच्याला चंदेरी, लग्नातली. आप्पासोंचा तो महागाचा कीबोर्ड नव्या नवरीच्या आरशासारखा दिसायला लागला. मालकानं आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग दोन दिवसांनी तोच मुकुलला म्हणाला, "आरं, बरं झालं. मलाबी सापडत न्हवतं ते निळं."

अशी शिकवणी सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीत आत राहीबाई आणि मालक, बाहेर काचेला नाकं लावून बायका. भाकरी खातखात त्या ओरडायच्या, "राहे, फिर माघारी, निम्मी झाली!" राहीबाई हळूहळू पाव्हण्याला टाकी भरून काढायला शिकली. टेकाडापलीकडं बर्फ सापडतं हे शिकली. दगड फोडताना पायाखालचा फोडायचा नसतो हे एकदा खड्ड्यात पडून शिकली. एकदा तर तिनं सूर्य कलायच्या आत खोली उभी केली, हवेचं मशीन आत नेलं, लाल टिकली दाबली, ऊब सुरू झाली. आप्पासोंनी टाळी वाजवली. आणि पाव्हणा यानाकडून खोलीकडं येताना उभ्या उभ्या कोसळला. पीं ऽ ऽ.

"आता काय झालं?" आप्पासो ओरडला. "हवा हाय, ऊब हाय. मुकुल, वाच की काय म्हणतंय ते."

मुकुलनं वाचलं. "तहानेनं गेला म्हणतंय."

"पाण्याची टाकी तर गच्च भरलीय! राहीबाई, हिरवी टिकली दाबलीस का न्हाई?"

"दाबणार हुते की. खोलीत गेल्याव."

"खोलीत गेल्यावर कशाला? रानात असतानाच पाजायचं. दर थोड्या वेळानं."

राहीबाईनं त्याच्याकडं असं बघितलं जसं काही मालकानं नेसत्या वस्त्रानिशी विहिरीत उडी मारायला सांगितली होती. "मालक, भायेर असताना कोण पाणी पितंय?"

आप्पासोला वाटलं ही पुन्हा टोमणा मारतेय. पण राहीबाई भांडत नव्हती. तिची नजर पडद्यावर होती आणि तिला मनापासून कळत नव्हतं की चूक कुठं झाली. काचेबाहेरच्या बायकांनाही कळत नव्हतं. त्या एकमेकींत म्हणत होत्या, बरोबर तर केलं हिनं, घरी जाईपर्यंत दम धरला, मग मेला कशानं?

"म्हंजे तुमी," आप्पासो थांबला. "तुमी दिवसभर पीत न्हाई?"

"सकाळी निघताना एक घोट. मग सांजच्याला घरला गेल्याव."

"आन् ड्रम?"

शेडच्या दाराशी आप्पासोंनी निळा ड्रम ठेवला होता. नळ लावलेला, ओलं गोणपाट गुंडाळलेला. त्या ड्रमचा त्याला फार अभिमान. संध्याकाळीसुद्धा तो भरलेलाच असतो, म्हणून तो चारचौघांत सांगायचा, आमच्या शेडला सावली एवढी गार की बायकांना तहानच लागत नाही.

दारातून बयाबाईनं डोकं आत घातलं. "मालक, मला मूतखडा झाला तवा मिरजेचा डाक्टर म्हनला, आज्जी, पाणी प्या भरपूर. मी म्हनलं, पिते की. तुमी येताय का बांधाव खोकायला?"

बाहेर हशा पिकला. राहीबाईलाही हसू आलं, आणि हसता हसता तिला आपण काय बोलून गेलो ते उमगलं. मग मात्र तिची जुनी जीभ परत आली. "पाणी तुमी देताय मालक, न्हाई कोण म्हणतंय? त्याच्या म्होरलं कोण देणार?"

आता एखादा कथाकार इथं मालकाच्या डोळ्यांत पाणी आणील. मालक असे विरघळत नसतात. आप्पासोंचे कान लाल झाले, त्यानं मोराचं झाकण पडद्यावर आपटलं, "पैज म्हंजे पैज" असं म्हणाला आणि जेवायला निघून गेला. त्या दुपारी तो ड्रमच्या जवळून न जाता गंधकाच्या खोलीला वळसा घालून गेला, एवढंच मुकादमानं पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी शिकवणीला तो सुट्टीच्या आधीच येऊन बसला होता.

पाडवा तोंडावर आला. शेजारच्या बागेत छाटणीची टोळी उतरली आणि पहिल्या ओळी बोडक्या झाल्यासुद्धा. हंबीरराव मुद्दाम आला, खुर्ची मागून घेतली आणि म्हणाला, "चला, बघू दे तुमची चंद्रावरची सून."

"मंगळ," मुकुल म्हणाला.

राहीबाई बसली. पायाखाली तिनं आता रिकामा क्रेट घेतला होता. पाव्हणा उतरला. तिनं निळी टिकली दाबली, टाकी भरली, दार उघडलं. दगड फोडले. टाकी निम्मी झाली आणि समोर चकाकणारा मोठा दगड दिसला; काचेबाहेर सगळ्यांनी श्वास धरला; ती माघारी फिरली. बर्फ आणलं, वितळवलं. मग तिचं बोट हिरव्या टिकलीवर जाऊन थांबलं. जन्माची खोड ती, बोट खाली जाईना.

"पाज," आप्पासो कुजबुजला.

"पी बाबा," राहीबाई पडद्याला म्हणाली. "तुला काय. तुझ्या मुलखात येष्टी न्हाई जात." आणि तिनं टिकली दाबली. पाव्हणा घटाघटा प्याला. बाहेर बायकांनी आरोळी ठोकली.

दुपार झाली, ग्रहावरची. भिंती उभ्या राहिल्या. हवेचं मशीन बसलं. सूर्य कलला. आता उबेचं मशीन, आणि लोखंड कमी पडलं. थोडंच, पण कमी. दगड फोडायला जावं तर अंधार गाठणार.

"संपलं," हंबीरराव मिशी पिळत म्हणाला. "गारठून मरतंय आता."

राहीबाईच्या कपाळावर घाम आला. गार हवेचं मशीन चालू असून आला. पडद्यावर सावल्या लांब व्हायला लागल्या. तिनं पाव्हण्याला उगाच इकडंतिकडं फिरवलं. पडद्याच्या कडेची थंडीची पट्टी लाल व्हायला लागली.

आप्पासो खुर्चीच्या काठावर आला होता. तो स्वतः महिनाभर मरून मरून एक युक्ती शिकला होता आणि ती त्यानं आजवर कुणाला सांगितली नव्हती, मुकुललासुद्धा नाही, राहीबाईला तर मुळीच नाही. तो ओठ दाबून बसला. पट्टी आणखी चढली. पाव्हणा थरथरायला लागला.

"शिडी!" आप्पासो बसल्या जागी ओरडला. "अगं, यानाची शिडी फोड! लोखंडाचीच हाय ती! पळ!"

राहीबाईनं पाव्हण्याला पळवलं. शिडी फोडली. लोखंड आलं. माघारी, खोलीत, दार लावलं, लाल टिकली. मशीन सुरू झालं. पडदा काळा झाला. आता करायला काही नव्हतं, नुसतं बघायचं. खोलीत मशीनचा घुरघुराट, बाहेर बायका काचेला चिकटलेल्या. मुकुलच्या हातातला चहा निवून गेला. आणि मग पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक पिवळी रेघ आली. रुंद झाली. पाव्हणा उठला आणि हात वर करून उभा राहिला.

सगळ्यांत आधी नाचला तो आप्पासो. त्यानं हंबीररावाच्या पाठीत असा गुद्दा घातला की चहा सांडला. "बगितलंस? बगितलंस का रं? बोलत हुतास चंद्रावरची सून! माजी शिकवण हाय ही!"

हंबीररावानं धोतर झटकलं. "व्हय गड्या, बगितलं. राहीबाई जगली. म्हंजे तू हरलास की रं."

आप्पासोंचे हात वरच राहिले. ही गोष्ट त्याच्या ध्यानातूनच गेली होती. तो पडद्याकडं बघायला लागला, मग राहीबाईकडं, मग काचेपलीकडच्या त्या सगळ्या तोंडांकडं. राहीबाई क्रेटवरून खाली उतरली, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि दारातून म्हणाली, "गवंडी कुणाला सांगताय? आकारामला सांगा. भिंत ओळंब्यात घेतोय त्यो."

गवंडी आला, पण आडोसा आला तो भांडतभांडतच. आप्पासोला तो पार मागं, नाल्याच्या कडेला हवा होता. राहीबाईनं हातभर काठी घेऊन शेडपासून जागा आखली आणि म्हणाली, पावसाळ्यात म्हातारी घसरून पडंल तिथं. आप्पासोला पत्रा जुना चालला असता. तिला भोकातून वर उन्हाचे ठिपके नको होते. छाटणीची टोळी शेवटच्या ओळींना पोचली तेव्हा आकाराम दार बसवत होता. आडोसा तयार झाला, आणि तो तयार झाला म्हणून बघायला एवढी माणसं गोळा झाली, की पहिली आत जायला एकही बाई पुढं होईना. शेवटी बयाबाईनं तांब्या उचलला, "व्हा बाजूला, मूतखडा माजा हाय," म्हणाली आणि आत शिरली.

बराच वेळ आतून नुसती खुडबूड ऐकू आली. मग आवाज आला, "आरं आकाराम! ही कडी काय देवाला बसवलीस व्हय रं?"

आकाराम उंच गडी. कडी त्यानं स्वतःच्या खांद्याला लागेल अशी बसवली होती. राहीबाईनं दार ढकललं. आत बयाबाई तांब्यावर एक पाय देऊन, हात वर करून उड्या मारत होती आणि बोटं कडीच्या खालीच राहत होती.

"काढ," राहीबाई म्हणाली.

"आवं मावशी, भोकं पाडलीती आता. दार खराब हुतंय. मालक बोलतील."

"मालक आत बसणार हाय व्हय? काढ ती."

आप्पासो काचेच्या खोलीतून बाहेर येऊन बघत होता. त्यानं राहीबाईकडं बघितलं आणि तो परत आत गेला. आकारामनं चरफडत कडी उपटली. बयाबाई दाराला पाठ लावून उभी राहिली, अंगभर ताठ, आणि हात सहज वर जाईल तिथं बोट टेकवलं.

"हितं."

"लय खाली हुतंय की आज्जी."

"तुजी आय हितं आली असती तर तिचा हात पोचंल तिथंच ठोकली असतीस का न्हाई? मग हितंच ठोक," बयाबाई म्हणाली. आकारामनं निमूटपणे खिळ्यानं खूण केली.